नवाचे आठ, आठाचे सात

सर,

तुमच्या कॉलेजातली दोन माणसं घरी आली होती. तुमच्या आठवणींचं छोटं पुस्तक काढायचंय, दोन पानं द्या म्हणाली. मी म्हटलं, दोन पानांत माझं भागत नाही, पाच द्या. ती अडीचवर आली, मी चारवर. साडेतीनवर जमलं. तुम्ही असता तर चष्मा पुसत हसला असता आणि म्हणाला असता, "दत्तोबा, माणूस गेला तरी तुमची घासाघीस काही जात नाही."

तुम्ही कुठे शिकलात, किती वर्षं इंग्रजी शिकवलंत, हे बाकीचे लिहितील. माझ्याकडे फक्त आपलं भांडण आहे. सहा वर्षं चाललं आणि अर्ध्यावर राहिलं. समोरचा माणूस मध्येच उठून गेला की सौदा मोडला असं आमच्यात धरतात. पण हे मोडलेलं नाही. मी अजून तिथेच उभा आहे, म्हणून लिहितो.

पहिली भेट आठवते का? काष्टीचा शनिवारचा बाजार होता. मी एका खोंडाचा व्यवहार करत होतो. आम्हा हेड्यांचा धंदाच तो, एका बाजारात जनावर घ्यायचं आणि दुसऱ्यात विकायचं. भाव तोंडानं बोलायचा नाही. रुमालाखाली हात घालायचा आणि बोटं दाबून सांगायचं, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. तुम्ही वही घेऊन तासभर तिथे उभे होता. मला वाटलं सरकारी माणूस आहे. शेवटी चिडून म्हटलं, "एवढं बघताय तर द्या हात." तुम्ही खरंच रुमालाखाली हात घातलात आणि, ओळख झाल्यावर करतात तसा, माझा सगळा पंजा धरून जोरात हलवलात.

मी म्हटलं, "सर, खोंड घेतलंत तुम्ही."

शेजारचा म्हातारा शेतकरी म्हणाला, "आवो पर मास्तर त्याला बांधणार कुठं? कालिजात?"

सगळा बाजार हसला. तुम्हीही हसलात. त्या दिवशी तुम्ही एका खोंडाचे मालक होता होता राहिलात.

मग चहाच्या टपरीवर तुम्ही विचारलंत की जनावर एकाएकी आजारी पडलं, कारण कळेना, तर इथले लोक काय करतात. मी म्हटलं, डाग देतात, दृष्ट काढतात, नाहीतर डॉक्टरला बोलावतात. तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा तुमच्या त्या अँग्लो-सॅक्सन लोकांबद्दल सांगितलंत. हजार वर्षांपूर्वीचे इंग्लंडातले शेतकरी. गाय-घोडं अचानक खाली बसलं की त्यांना वाटायचं, न दिसणाऱ्या कुणीतरी बाण मारलाय. माणसाच्या कुशीत एकदम कळ आली तरी तेच. मग बाण दिसत नसला तरी तो काढायचा, शिंगाच्या मुठीची सुरी घेऊन, मंत्र म्हणून. मला वाटलं, हा माणूस चेष्टा करतोय. इंग्रज म्हणजे कोट, टोपी आणि रेल्वे, एवढंच मला माहीत. त्यांच्यात पण असलं होतं हे ऐकून मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मी सहज बोलून गेलो, "माझी आई नागीण उतरवते."

तुम्ही वही मिटलीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं. समोरच्याला माल खरोखर हवा असला की तो आधी वही मिटतो, नजर दुसरीकडे नेतो. "कुठे असतात आई?" तुम्ही विचारलंत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. कमरेला नाहीतर बरगडीला एकाच बाजूनं पट्ट्यासारखे फोड उठतात, निखारा ठेवल्यासारखी आग होते, त्याला आमच्याकडे नागीण म्हणतात. लोक घाबरतात ते दुसऱ्याच गोष्टीला. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडलं की माणूस जातो, अशी समजूत. माझी आई, भामाबाई, सहाणेवर गेरू उगाळून पट्ट्याच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ ओढायची, म्हणजे नागिणीची वाट अडली. आणि तोंडातल्या तोंडात काही म्हणायची. घ्यायची काही नाही. पेशंटनं उपकार झाले असं म्हणायचं नाही, मागं वळून न बघता निघून जायचं.

हे तिला कोपरगावकडे मिळालं. आम्ही पूर्वेच्या कोरड्या भागातले. वडील लवकर गेले, आई मला घेऊन दरवर्षी ऊसतोडीला जायची. तिथल्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या खोपटात, एका म्हातारीनं तिला ते शब्द दिले. मी पाचटाच्या भिंतीला कान लावून ऐकायचो. आकडे तेवढे ऐकू यायचे. नवाचं आठ, आठाचं सात, साताचं सहा, असं उतरत उतरत शून्यावर. मधले शब्द कधीच ऐकू आले नाहीत.

तुम्ही घरी आलात तेव्हा आईनं तुम्हाला घोंगडीवर बसवलं.

"काय शिकिवता मास्तर?"

"इंग्रजी."

"मंग इंग्रजांस्नी नागीन हुती का?"

"व्हायची की. त्यांच्याकडेही बाया उतरवायच्या, तुमच्यासारख्याच."

आई विचारात पडली आणि म्हणाली, "मंग राज्य कराया लागल्याव इसरले वाटतं."

त्यानंतर तुम्ही शनिवारचा बाजार झाला की माझ्याबरोबरच घरी यायला लागलात. तुम्ही दोघं बोलायचात, मी जनावरांना वैरण टाकत ऐकायचो. तुमच्या सॅक्सनांच्या भाषेत वैद्याला आणि जळूला एकच शब्द होता हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी म्हणालो, "हे आमच्याकडं आत्ता सुरू झालंय." दातात किडा असतो असं ते मानायचे, आणि कसल्याशा बिया जाळून धूर तोंडात घ्यायचे की किडे खाली पडायचे. आई लगेच म्हणाली, "आमची भुईरिंगनी." तिच्या बियांचा धूर घेतला की किडे पडतात, तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. मला राहवलं नाही. बाजारात धूर देणारा बसायचा, त्याची लबाडी मी लहानपणीच पकडली होती. बी तापलं की फुटतं, त्यातून पांढरा मोड बाहेर येतो, तोच किडा. तुम्ही उठून उभे राहिलात. "हजार वर्षांत हे कुणाला दिसलं नाही?"

मी म्हटलं, "दिसलं असेल सर. पण ज्याचा दात दुखतोय त्याला कोण सांगत बसतं?"

आणि ते डोळ्याचं औषध! लसूण, कांद्याची पात, वाइन आणि बैलाचं पित्त, सगळं कालवून नऊ दिवस पितळेच्या भांड्यात ठेवायचं. कुठल्या तरी प्रयोगशाळेत तसंच करून पाहिलं तर जंतू खरंच मेले, हे सांगताना तुमचा आवाज चढला होता. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणालात, "पित्त मिळेल का?"

"सर, बैलाचं पित्त मागायला गेलो तर माझंच काढतील. बोकडावर भागवा."

बोकडावर भागवलंत. पितळेच्या तांब्याची कल्हई मी स्वतः खरवडून दिली. पाचव्या दिवशी तुमच्या घरात वहिनींनी तांब्यासकट ते परसात पुरलं आणि मला निरोप पाठवला की पुन्हा सरांना काही आणून दिलंत तर तुम्हालाही शेजारीच पुरीन.

तुमचा यातल्या कशावर विश्वास नव्हता. तुम्ही आईलाही ते तोंडावर सांगितलंत, आणि हे मला आवडलं होतं. नागीण दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरते, पण डॉक्टरच्या गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांत मिळाल्या तर त्रास कमी होतो, डोळ्याजवळ असली तर एक दिवसही थांबायचं नाही, गेरू फोडांवर लावायचा नाही. आई चिडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "लावते कडंनं. गोळी आतून, गेरू भाईरून. भांडान कुटं हाय?" तेव्हापासून ती आलेल्या माणसाला आधी दवाखान्यात पाठवायची.

मग मी तुम्हाला अडवलं. गेरूनं काही होत नाही म्हणता, तर वही कशाला भरता? तुम्ही म्हणालात, "माणूस घाबरलेला असतो दत्तोबा. कुणीतरी शेजारी बसतं आणि आकडा कमी करत नेतं. नऊवरून आठवर आलं म्हटलं की त्याला वाटतं, याला शेवट आहे."

मी म्हटलं, असला माल माझ्या बाजारात चालत नाही. तो वाद तुम्ही पुढच्या शनिवारवर टाकलात. असे किती शनिवार आपण वाद पुढे ढकलत गेलो.

आता माझ्या दुखण्यावर येतो. तुम्हाला ते माहीत होतं. आईनंच सांगितलं असणार.

मी विशीत असताना एका बड्या बागायतदाराची नागीण आईनं उतरवली. घरी नीट दोन वेळचं नव्हतं आणि तो माणूस गाडीतून आला होता. आई आत गेल्यावर मी त्याला बाहेर गाठला आणि त्याच्याकडून एक गाभण शेळी मिळवली. घासाघीस करून, बरं का, तो करडू देत होता. संध्याकाळी आईनं शेळी पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी धरून चार कोस चालत गेली, शेळी परत देऊन आली. आल्यावर पाय धुता धुता म्हणाली, "दत्तू, तुझ्या हाताला भाव हाय. गुन न्हाई."

सर, त्या शेळीपासूनच मी धंद्याला लागलो. म्हटलं, भाव आहे ना हाताला, तर बघाच. आज माझं पक्कं घर आहे, दोन टेम्पो आहेत, संगमनेरपासून इकडे कुठल्याही बाजारात माझा शब्द चालतो. यातलं काहीही आईचं ते वाक्य पुसू शकलं नाही. ते शब्द ती मला देणार नाही, हे मी समजून चुकलो होतो. पण कुणालाच देणार नाही, हीच माझी समजूत होती. त्या समजुतीवर मी निवांत होतो.

त्या ग्रहणाच्या दिवशी मी कोपरगावचा बाजार अर्धा टाकून लवकर परतलो. दिवसा अंधारून आलेलं. अंगणात पाण्याच्या टाकीजवळ आई उभी, तुम्ही तिच्यापुढे वाकलेले, आणि ती तुमच्या कानात बोलत होती. असले शब्द ग्रहणातच द्यायचे असतात, हे मला लहानपणापासून ठाऊक. मला बघून ती थांबली नाही. संपवलं, आणि मग म्हणाली, "आलास व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला कॉलेजच्या फाटकात गाठलं. "आईनं दिले?"

"दिले."

"तुमचा विश्वास नाही त्याच्यावर."

"नाही."

"मग काय घेता बोला. मला परत द्या."

तुम्ही माझ्याकडे फार वेळ पाहिलंत. बाजारात असं बघणाऱ्या माणसाला मी ओळखतो, त्याला सौदा हवा असतो पण काहीतरी आडवं येत असतं. मला वाटलं, अजून थोडं वाढवून सांगावं. मी वाढवून सांगितलं. तुम्ही म्हणालात, "दत्तोबा, असं नका ना विचारू. दुसऱ्या तऱ्हेनं विचारा."

मला ते टोमण्यासारखं लागलं. मी म्हणालो, "ठेवा तुमच्यापाशीच, लोणचं घाला." आणि निघालो. "दुसऱ्या तऱ्हेनं" म्हणजे काय, हे विचारायला मला थांबता आलं असतं. मी आयुष्यभर समोरच्याच्या एकेका शब्दाचा अर्थ काढून पोट भरलं. तुमच्या त्या एका शब्दापुढे माझी अक्कल चालली नाही.

पुढच्या वर्षी आई गेली. तुम्ही दहाव्यापर्यंत रोज आलात. आपण बोलत होतो, पण बेतानं.

मग तुम्ही निवृत्त झालात तेव्हाचं निरोपाचं ते भाषण. मला तुम्ही पहिल्या रांगेत बसवलंत. सॅक्सनांच्या औषधांवर बोलत होता, पोरं हसत होती, छान चाललं होतं. आणि तुम्ही म्हणालात, अंगावर उठलेल्या गाठीवर म्हणायचा त्यांचा एक मंत्र होता, त्यात नऊ बहिणी होत्या. नवाच्या आठ होतात, आठाच्या सात. तुम्ही एकेक बहीण कमी करत खाली उतरायला लागलात, मराठीत, अगदी आईच्या चालीवर. निदान मला तरी ती आईचीच चाल ऐकू आली. पाचापर्यंत आलात तेव्हा मी उभा राहिलो.

काय बोललो ते इथे लिहीत नाही. तिथे तीनशे माणसं होती, त्यांनी ऐकलंय. माझ्या आईचे शब्द तुम्ही टाळ्यांसाठी बाजारात मांडलेत, हा त्याचा अर्थ. आम्ही जनावरं विकतो, आई विकत नाही, हे शेवटचं. तुम्ही माईक बाजूला केलात आणि नुसत्या आवाजात म्हणालात, "दत्तोबा, हे त्यांचं नाही हो. बसा, मी सांगतो." मी बसलो नाही.

त्यानंतर तुम्ही ओळीनं तीन शनिवार बाजारात आलात. पहिल्या शनिवारी मी रुमालाखाली हात घालून बसलो, दोन तास काढलेच नाहीत. दुसऱ्या शनिवारी टेम्पोआड गेलो. तिसऱ्या शनिवारी तुम्ही माझ्या शेजारी येऊन उभे राहिलात. सगळ्यांच्या देखत मी म्हणालो, "काय मास्तर, आज कुणाची आई ऐकायला आलात?" माणसं हसली. तुम्ही फाटकापर्यंत गेलात आणि वळून पाहिलंत. मी ते पाहिलं होतं. एका कालवडीचे दात बघतोय असं दाखवलं, पण पाहिलं होतं.

सहा वर्षं. तुम्ही गेल्याचं मला बाजारात कळलं, तेही भाव चालू असताना. समोरच्यानं माझी बोटं दाबली, मला आकडाच कळेना.

तेराव्यानंतर मी घरी गेलो. वहिनी दारात आल्या. मला वाटलं होतं हाकलतील, मी तयारीनं गेलो होतो. त्यांनी आत नेलं, तुमच्या टेबलाच्या खणातून एक वही काढली. म्हणाल्या, "ही तुमचीच असावी. मी वाचली नाही. बसून वाचा."

वही सॅक्सनांनी भरलेली. बाण, किडे, डोळ्याचं औषध, शेजारी आईचं काय ते. मधल्या पानावर त्या नऊ बहिणी, इंग्रजीत आणि मराठीत, कुठल्या हस्तलिखितातून घेतल्या ते खाली लिहिलेलं. समासात पेन्सिलीनं: "भामाबाईही नवावरून उतरतात. हे नऊ आणि ते नऊ कसे जुळले? त्यांना विचारायचं राहिलं. दत्तोबांशी बोलायला हवं." म्हणजे ते आईचं नव्हतंच. हजार वर्षांपूर्वीची कुठली तरी इंग्रज बाई कुणाच्या तरी गाठीजवळ बसून आकडे उतरवत होती, आणि मी तीनशे माणसांसमोर तिला माझी आई समजलो.

समोरच्या पानावर मथळा: "भामाबाईंचे शब्द". खाली एकच ओळ: "लिहायचे नाहीत, असे ठरले." बाकी पान कोरं. ते पान मी उजेडात धरून पाहिलं. बोटानं चाचपलं. कोरंच.

मग शेवटचं पान. तिथे आईचं बोलणं तुम्ही तिच्याच भाषेत उतरवलं होतं.

"माजं पोरगं तापट हाय. आत्ता दिलं तर इकंल. तुमी सांबाळा मास्तर. त्यो मागाया आला की द्या. भाव करत आला तर देऊ नगा. रागानं आला तर च्या पाजा, शबुद देऊ नगा. हात जोडून, नुसतं द्या म्हनला, की द्या. पर तुमी आपनहून सांगायचं न्हाई. इशारत बी द्यायची न्हाई, न्हाईतर गुन जातो."

त्याखाली तुमच्या अक्षरात: "फाटकात 'दुसऱ्या तऱ्हेनं विचारा' म्हणालो. एवढंही म्हणायला नको होतं."

आणि त्याखाली: "शनिवार. बाजारात गेलो." पुन्हा, "शनिवार. बाजारात गेलो." तिसऱ्यांदा तेच. मग काही नाही.

वहिनी म्हणाल्या, "नंतर ते शनिवारी कुठेच जायचे नाहीत. बाजार सुटायच्या वेळेला पडवीत खुर्ची टाकून बसायचे. समोर अजून एक ठेवायला लावायचे. मी म्हणायचे, कोण येणारे? म्हणायचे, असू दे."

सर, आता माझं भांडण ऐका. तुमचा विश्वास नव्हता ना? गुण जातो की राहतो याच्याशी तुम्हाला काय करायचं होतं? एक चिठ्ठी टाकली असती. फोनवर सांगितलं असतं. मी शिव्या दिल्या असत्या, पण ऐकून घेतलं असतं. एका अडाणी बाईनं घातलेली अट, तिच्यामागे, बघायला कुणी नसताना, सहा वर्षं पाळलीत, आणि जाताना सगळं घेऊन गेलात. हा कुठला शहाणपणा? मला याचा राग आहे. आजही आहे. आणि तुम्ही तसं केलं नसतंत तर आईनं तुम्हाला दिलं नसतं, हेही मला कळतं. माणूस ओळखायचा धंदा माझा, पण माणूस बरोबर ओळखला तिनं. तुमच्या हाताला गुण होता. ते सांगायचं राहिलं.

अजून कुणी कुणी आईला शोधत येतं. इतकी वर्षं मी त्यांना ओरडून परत पाठवायचो. गेल्या मंगळवारी वस्तीवरची एक म्हातारी आली, कमरेला हात धरून. तिला टेम्पोत घालून श्रीगोंद्याला दवाखान्यात नेलं, गोळ्या घेतल्या, परत आणली. ती उतरेचना. "गेरू लावा की. भामाबाईचेच ना तुमी?"

मी म्हटलं, "मला येत न्हाई."

"येवढं कुटं अवघड आसतंय. लावा."

सहाण शोधली. गेरू उगाळला. फोड सोडून, कडेनं, दोन्ही टोकांना रेघ ओढली. तोंडातल्या तोंडात आकडे म्हटले, नवाचं आठ, आठाचं सात. मधली जागा आली की थांबायचो. तिथे माझ्याकडे काही नव्हतं. म्हातारीनं डोळे मिटले होते, तिला वाटलं मी मनातल्या मनात म्हणतोय. शून्यावर आल्यावर तिनं पदर सावरला आणि विचारलं, "काय द्यायचं?"

हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला आणि मी आकडा सांगितला नाही, असं कधी झालं नव्हतं. मी म्हटलं, "काही न्हाई. मागं बघू नका. जा." ती गेली. तिनं वळून पाहिलं नाही. मी मात्र ती दिसेनाशी होईपर्यंत दारात उभा होतो, आणि मग घरात कुणाला सांगायचं ते आठवेना.

परवा शनिवार होता. बाजार सुटल्यावर मी तुमच्या घरी गेलो. पडवीत दोन्ही खुर्च्या तशाच होत्या. वहिनी आत होत्या. मी समोरच्या खुर्चीत बसलो, हात जोडले. भाव नाही, अट नाही, चढा आवाज नाही. म्हटलं, "सर, द्या."

पडवीतलं ऊन उतरलं तरी हात सोडले नाहीत.

वहिनी बाहेर आल्या. त्यांनी वही वाचलेली नाही, त्यांना काही माहीत नाही. माझ्या पुढ्यात कप ठेवला आणि म्हणाल्या, "चहा घ्या."